मध्यम दुष्फेन पाणी आणि घरगुती शुद्धीकरणाची निवड

पुणे शहराच्या उपनगरांत एकाच घरात दोन प्रकारचे पाणी येते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. सकाळी नगरपालिकेचे पाणी येते. ते सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचे, धरणात साठलेले आणि खडकाशी अल्पकाळच संबंध आलेले असते. त्यात साबणाचा फेस चटकन होतो. दुपारनंतर विंधन-विहिरीचे किंवा टँकरचे पाणी सुरू झाले की तोच साबण फुटतो, बादलीच्या कडेला पांढरट साका बसतो आणि डाळ शिजण्यास वेळ लागतो. गृहिणी या पाण्यास 'जड पाणी' म्हणतात; रसायनशास्त्रात त्यास 'दुष्फेन' अशी संज्ञा आहे. या जडपणाची धास्ती घेऊन घरोघरी शुद्धीकरणाची यंत्रे बसविली जातात आणि त्यांतील पुष्कळशी यंत्रे ज्या दोषासाठी बसविली जातात तो दोष त्या पाण्यात नसतोच. मध्यम दुष्फेनता म्हणजे नेमके काय, तिचा उपद्रव कोठे होतो आणि तिच्यावर कोणता उपाय युक्त ठरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दुष्फेनतेचे मूळ

पाण्याची दुष्फेनता मुख्यत्वे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोन धातूंच्या विद्राव्य क्षारांमुळे उत्पन्न होते. महाराष्ट्राच्या बहुतांश पठारी भागाखाली असलेला बेसाल्ट, म्हणजे लोकभाषेतील काळा पाषाण, हा कॅल्शियमयुक्त फेल्स्पार आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त पायरॉक्सिन या खनिजांचा बनलेला आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना वनस्पतींच्या मुळांनी व सूक्ष्म जंतूंनी सोडलेला कार्बन डायॉक्साइड आपल्यात सामावून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. हे सौम्य आम्ल खडकाच्या भेगांतून मुरत असता खनिजांचे हळूहळू विघटन करते. कॅल्शियम व मॅग्नेशियम बायकार्बोनेटांच्या रूपाने पाण्यात येतात. म्हणूनच दख्खनच्या पठारावरील, विशेषतः उथळ विहिरींचे पाणी पुष्कळदा कॅल्शियम-मॅग्नेशियम-बायकार्बोनेट या जातीचे आढळते. कोकणातील जांभ्या खडकातून असे क्षार पूर्वीच धुपून गेलेले असल्यामुळे तेथील झऱ्यांचे पाणी सामान्यतः सुफेन असते.

क्षार कोणत्या रूपात आहेत, हा प्रश्न व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बायकार्बोनेटांमुळे येणारी दुष्फेनता उकळल्याने बऱ्याच अंशी नाहीशी होते. उष्णतेने बायकार्बोनेटाचे विघटन होते, कार्बन डायॉक्साइड निघून जातो आणि अल्पविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते. हिला अस्थायी दुष्फेनता म्हणतात. सल्फेट व क्लोराइड यांच्या रूपातील क्षारांवर उकळण्याचा परिणाम होत नाही, म्हणून ती स्थायी दुष्फेनता होय. पठारावरील विहिरींच्या मध्यम दुष्फेन पाण्यात अस्थायी भाग बहुधा मोठा असतो, ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

मोजमाप आणि मर्यादा

दुष्फेनता, ती कोणत्याही क्षारामुळे असो, कॅल्शियम कार्बोनेटाच्या तुल्य भारात, म्हणजे दर लिटरमागे किती मिलिग्रॅम अशी व्यक्त करतात. कॅल्शियमचा भार अडीचपट आणि मॅग्नेशियमचा भार सुमारे ४.१ पट केला असता हा आकडा मिळतो. प्रचलित वर्गीकरणानुसार ७५ पर्यंतचे पाणी सुफेन, ७५ ते १५० मध्यम दुष्फेन, १५० ते ३०० दुष्फेन आणि त्यापुढील अतिदुष्फेन मानले जाते. काही ग्रंथांत हे विभाग ६०, १२० आणि १८० या आकड्यांनी केलेले आढळतात, त्यामुळे वर्गाच्या नावाबरोबर आकडा देणे अगत्याचे असते. भारतीय मानक संस्थेच्या पिण्याच्या पाण्याविषयीच्या २०१२ च्या मानकात दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंतचे पाणी चालू शकते. एकूण विद्राव्य घन पदार्थांसाठी याच मर्यादा अनुक्रमे ५०० आणि २००० आहेत.

विवेचन मूर्त व्हावे म्हणून एक कल्पित नमुना घेऊ. एका विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ३४ मिलिग्रॅम कॅल्शियम व १४ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आहे. एकूण विद्राव्य घन पदार्थ २५० मिलिग्रॅमच्या आसपास आहेत. पहिल्याचे ८५ व दुसऱ्याचे सुमारे ५७ मिळून दुष्फेनता १४२ होते. हे पाणी मध्यम दुष्फेन असून स्वीकार्य मर्यादेच्या पुष्कळच आत आहे.

हा आकडा काढण्याची रीत पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेतही सहज करता येते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साबणाच्या प्रमाणित द्रावाने फेस टिकेपर्यंत मोजणी करीत असत. ती रीत टॉमस क्लार्क या स्कॉटिश रसायनज्ञाच्या नावाशी निगडित आहे. १९४५ नंतर श्वार्ट्‌झेनबाख यांच्या संशोधनामुळे ईडीटीए या संयुगाने अनुमापन करण्याची रीत रूढ झाली. ५० मिलिलिटर पाण्याचा सामू १० इतका राखून, एरिओक्रोम ब्लॅक टी हे दर्शक घालून ०.०१ मोलर द्रावाने अनुमापन केले असता रंग मद्यासारख्या तांबड्यापासून निळा होतो. येथे प्रत्येक मिलिलिटर द्राव एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट दर्शवितो. वरील नमुन्यास ७.१ मिलिलिटर द्राव लागेल. त्याच पाण्याची क्षारीयता आम्लाच्या अनुमापनाने काढली आणि ती समजा १२० आली, तर १४२ पैकी १२० अस्थायी व २२ स्थायी, असा निष्कर्ष निघतो. मात्र मॅग्नेशियम कार्बोनेट अधिक विद्राव्य असल्यामुळे प्रत्यक्ष उकळण्याने १२० चा सर्व भाग खाली बसत नाही.

याउलट घरोघरी दाखविला जाणारा पेनाच्या आकाराचा 'टीडीएस मीटर' दुष्फेनता मोजीत नाही. तो पाण्याची विद्युत्‌-संवाहकता मोजतो आणि तिला एका ठराविक गुणकाने गुणून विद्राव्य घन पदार्थांचा अंदाज देतो. त्या आकड्यात कॅल्शियम किती, सोडियम किती, नायट्रेट किती, हे कळत नाही. जंतूंचा तर त्याला पत्ताच नसतो. पटकीच्या जंतूंनी दूषित झालेले धरणाचे पाणी या मापकावर उत्तम ठरेल आणि गावातील निर्दोष विहिरीचे पाणी वाईट ठरेल.

घरातील परिणाम

दुष्फेनतेचा पहिला उपद्रव साबणाचा अपव्यय हा होय. साबणातील मेदाम्लाशी कॅल्शियमचा संयोग होऊन अविद्राव्य साका बनतो आणि सर्व कॅल्शियम-मॅग्नेशियम असे खर्ची पडल्याशिवाय फेस येत नाही. सोडियम स्टिअरेट हा शुद्ध साबण धरला, तर १०० मिलिग्रॅम दुष्फेनता लिटरमागे सुमारे ०.६ ग्रॅम साबण नासविते. नमुन्याच्या पाण्याच्या १० लिटरच्या एका बादलीमागे सुमारे साडेआठ ग्रॅम साबण मळ काढण्यापूर्वीच वाया जातो. त्याच बादलीत आधी धुण्याचा सोडा घातल्यास हेच काम तत्त्वतः दीड ग्रॅमात होते. परीट मंडळी सोडा वापरतात त्यामागील एक कारण हेच. आधुनिक धुलाई-चूर्णांत दुष्फेनतेस आवर घालणारी द्रव्ये मिसळलेलीच असतात, त्यामुळे मध्यम दुष्फेन पाण्यात कपडे धुण्याची अडचण आता बरीच कमी झाली आहे.

दुसरा उपद्रव पुटाचा. पाणी तापविण्याच्या भांड्यात व विजेच्या गीझरमध्ये कॅल्शियम कार्बोनेटाचा थर बसतो. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे तापनतारेचे तापमान वाढते व तिचे आयुष्य घटते. दररोज १०० लिटर पाणी तापविले आणि लिटरमागे केवळ २० मिलिग्रॅम क्षार खाली बसला असे मानले, तरी वर्षाअखेर सुमारे पाऊण किलो पूट जमते. उपायही तितकाच साधा आहे. पाणी ६० अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापवू नये आणि वर्षातून एकदा लिंबूसत्त्वाच्या किंवा शिरक्याच्या द्रावाने पूट विरघळवून काढावे.

तिसरा परिणाम स्वयंपाकघरातील आहे. डाळीच्या पेशींना सांधणाऱ्या पेक्टिनशी कॅल्शियमचा संयोग होऊन ते घट्ट होते. दाणा मऊ होण्यास विलंब लागतो तो यामुळे. चिमूटभर खाण्याच्या सोड्याने डाळ लवकर शिजते, हे जुने ज्ञान रासायनिकदृष्ट्या बरोबर आहे, जरी सोड्याने थायमिन या जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होत असला तरी. दाबपात्राच्या वापरामुळे मध्यम दुष्फेन पाण्यात हाही प्रश्न फारसा उरलेला नाही.

आरोग्याचा प्रश्न

जड पाण्याने मुतखडा होतो, असा समज सर्वत्र आढळतो. बहुसंख्य मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटाचे असतात, यावरून हा समज दृढ झाला असावा. परंतु अन्नपाण्यातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटाला बांधून टाकते व त्याचे रक्तात होणारे शोषण कमी करते. मुतखड्याच्या संदर्भात एकूण पाणी कमी पिणे ही अधिक चिंतेची बाब होय. जागतिक आरोग्य संघटनेने दुष्फेनतेसाठी आरोग्यावर आधारलेली कोणतीही कमाल मर्यादा सुचविलेली नाही.

उलट दिशेने विचार १९५७ साली सुरू झाला. जपानमधील जुन कोबायाशी यांनी नद्यांच्या पाण्याचे रासायनिक स्वरूप आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू यांचा भौगोलिक संबंध दाखविला. त्यानंतर इतर देशांतही सुफेन पाणी व हृद्‌रोग यांच्या संबंधाची तपासणी झाली. या अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत आणि कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. तथापि पाण्यातील मॅग्नेशियम हितकर असावे, या मताला त्यांतून काहीसे बळ मिळाले. नमुन्याचे पाणी रोज दोन लिटर प्यायल्यास ६८ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २८ मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळते. हा आहाराचा लहानसाच भाग आहे. पण ज्या घरात दूधदुभते बेताचे, तेथे तो काढून फेकण्याचे कारण नाही.

उपकरणे आणि त्यांची कार्ये

बाजारातील साधनांचे कार्य परस्परांहून भिन्न आहे. चिनीमातीची मेणबत्तीसारखी गाळणी गढूळपणा आणि जंतूंचा मोठा भाग अडविते. पोकळ तंतूंची सूक्ष्म पटले जंतू अडवितात आणि त्यांना विजेची गरज नसते; अतिसूक्ष्म विषाणूंबाबत मात्र सर्व पटले सारखी विश्वसनीय नसतात. जंबुपार किरणांचा दिवा जंतू व विषाणू निष्क्रिय करतो, परंतु पाणी स्वच्छ असावे लागते आणि दिव्यावरील क्वार्ट्‌झच्या नळीवर पूट चढल्यास किरण क्षीण होतात. क्रियाशील कोळसा वास, चव आणि क्लोरीन काढून घेतो. क्लोरीन गेल्यावर साठविलेल्या पाण्यात जंतूंची वाढ रोखणारे काही उरत नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे. यांपैकी एकही साधन दुष्फेनता कमी करीत नाही.

दुष्फेनता काढणारे साधन म्हणजे आयन-विनिमयाचे यंत्र. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत रोबर्ट गान्स यांनी या कामी झिओलाइटांसारखी सिलिकेटे वापरली. १९३५ साली ॲडम्स व होम्स यांनी कृत्रिम राळ सिद्ध केली आणि पुढे राळेनेच खनिजांची जागा घेतली. विशेष असे की, ज्या दख्खनी बेसाल्टामुळे पाणी दुष्फेन होते, त्याच्याच पोकळ्यांत नैसर्गिक झिओलाइटांचे सुंदर स्फटिक सापडतात. राळ कॅल्शियम-मॅग्नेशियम घेते आणि सोडियम देते. नमुन्याचे पाणी पूर्ण सुफेन केल्यास लिटरमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम सोडियम वाढतो. मीठ वर्ज्य असलेल्या रुग्णाने त्याची दखल घ्यावी. दररोज ५०० लिटर पाणी सुफेन करण्यास राळेच्या पुनरुज्जीवनासाठी तत्त्वतः ८३ ग्रॅम आणि प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून अधिक मीठ लागते व ते शेवटी सांडपाण्यात जाते. या यंत्रातून निघालेल्या पाण्यात विद्राव्य घन पदार्थ कमी होत नाहीत, केवळ बदलतात. म्हणून टीडीएस मापकाचा आकडा जागचा हलत नाही. चुंबकीय पट्ट्यांनी पाणी सुफेन होते या दाव्याची परीक्षाही ईडीटीएच्या अनुमापनाने क्षणात होते, कारण कॅल्शियम पाण्यात राहिला असेल तर ७.१ हा आकडा तसाच राहील.

तिसरा प्रकार व्यस्त तर्षणाचा, म्हणजे व्यवहारात ज्यास 'आरओ' म्हणतात त्याचा. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब व भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी सिद्ध केलेल्या सेल्युलोज ॲसिटेटाच्या पटलामुळे ही पद्धत व्यवहार्य झाली. तिचे मूळ उद्दिष्ट खारे पाणी गोडे करणे हे होते आणि तेथे तिला तोड नाही. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात, तसेच यवतमाळ-चंद्रपूर भागातील फ्लोराइडयुक्त विहिरींच्या बाबतीत, निर्धोक दुसरा स्रोत नसल्यास ती वरदान ठरते.

मध्यम दुष्फेन पाण्यावर आरओचा प्रयोग

परंतु नमुन्याच्या पाण्यावर हे यंत्र बसविल्यास काय घडते, याचा हिशेब उद्बोधक आहे. अनेक साध्या घरगुती यंत्रांत एक लिटर पाणी मिळविण्यासाठी सुमारे तीन लिटर पाणी टाकून द्यावे लागते. पाच माणसांच्या घरात पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी रोज २० लिटर पाणी घेतल्यास ८० लिटर पाणी यंत्रात जाते व ६० लिटर मोरीत जाते. वर्षाचे हे पाणी सुमारे २२ हजार लिटर होते. सर्व क्षार या टाकाऊ पाण्यातच राहिले असे धरले, तर त्याचे विद्राव्य घन पदार्थ सुमारे ३३३ मिलिग्रॅम आणि दुष्फेनता सुमारे १८९ येते. मानकाच्या मर्यादा ५०० व २०० आहेत. याचा अर्थ असा की, क्षारांच्या दृष्टीने पाहता यंत्राने अशुद्ध म्हणून टाकलेले पाणीसुद्धा स्वीकार्य मर्यादेच्या आत आहे. टँकरची वाट पाहणाऱ्या शहरात या गणिताचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये, विद्राव्य घन पदार्थ ५०० मिलिग्रॅमहून कमी असतील तेथे अशा यंत्रांना मनाई असावी, असा निर्देश दिला तो याच स्वरूपाच्या विचाराने. पुढे २०२३ साली केंद्र शासनाने जलशुद्धीकरण यंत्रणांच्या वापरासंबंधी नियमही अधिसूचित केले.

तरीही या यंत्राचा मोह पडण्याचे एक कारण विक्रेत्यांच्या प्रात्यक्षिकात आहे. नळाच्या पाण्यात दोन धातूंच्या कांड्या बुडवून विद्युत्‌प्रवाह सोडला की पाणी तपकिरी-हिरवट होते. आरओच्या पाण्यात तसे काही होत नाही. पाहणाऱ्यास वाटते, हा गाळ पाण्यातलाच. वस्तुतः तो कांडीतील लोखंडाचा आहे: क्षारांमुळे पाणी विद्युत्‌संवाहक होते, प्रवाह वाहतो, लोखंड झिजते व त्याचे हायड्रॉक्साइड तरंगू लागते. क्षारहीन पाण्यातून प्रवाहच जवळजवळ वाहत नाही, म्हणून कांडी झिजत नाही. प्लॅटिनमच्या किंवा ग्रॅफाइटच्या कांड्या घेऊन हाच प्रयोग केल्यास तो गाळ दिसत नाही.

निवडीचा क्रम

यावरून निवडीचा क्रम सुचविता येतो. प्रथम प्रयोगशाळेतून पाण्याची तपासणी करावी व तीत दुष्फेनता, क्षारीयता आणि विद्राव्य घन पदार्थ यांच्याबरोबरच नायट्रेट, फ्लोराइड व कोलिफॉर्म जंतू यांचा समावेश असावा. विहिरीच्या पाण्याची तपासणी एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर करणे इष्ट, कारण पाण्याच्या पातळीबरोबर क्षारांचे प्रमाण बदलते. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर, फ्लोराइड १.५ च्या वर, किंवा पाणी खरोखरच खारे असेल आणि दुसरा स्रोत नसेल, तर आरओचा विचार करावा आणि त्याचे टाकाऊ पाणी फरशी धुण्यास वा संडासासाठी साठवावे. हे दोष नसून जंतूंची शंका असेल, तर पटल, जंबुपार दिवा किंवा क्लोरीन यांपैकी एक पुरे. दुष्फेनता २०० च्या बरीच वर असून गीझर व धुलाईयंत्र यांचा त्रास असेल, तर त्या नळापुरतेच आयन-विनिमयाचे यंत्र बसवावे आणि पिण्याचा नळ त्यापासून वेगळा ठेवावा.

नमुन्याच्या पाण्यासारख्या मध्यम दुष्फेन पाण्याला यांपैकी कोणतेही महागडे साधन लागत नाही. पाणी खळखळून उकळावे, झाकून निवू द्यावे, साका तळाशी बसला की वरचे पाणी अलगद दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतावे. या एका क्रियेत जंतू नष्ट होतात आणि अस्थायी दुष्फेनतेचा पुष्कळसा भागही निघून जातो. इंधनाचा खर्च परवडत नसेल तेथे साधे पटल चालेल, कारण दुष्फेनता तशीच राहिली तरी बिघडत नाही. मात्र छतावरील टाकी वेळोवेळी धुतली जाते की नाही आणि पिण्याचे पाणी ओगराळ्याने घेतले जाते की हात बुडवून, हे पाहणे आवश्यक आहे. पाण्यामुळे होणाऱ्या रोगांचा उगम पुष्कळदा तेथे असतो आणि तेथील दोष कोणत्याही मापकाच्या आकड्यात दिसत नाही.